माशाला दोरी दिसते का?

गळ टाकून बसणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो. पाण्यातली दोरी माशाला दिसत असेल का? दिसत असेल, तर तिचा रंग बदलून काही उपयोग होईल का? विश्रामबागेहून सांगलीत शिरून कृष्णेच्या घाटावर गळ टाकणारा असो, की अमेरिकेतल्या तळ्यात 'बास' नावाचा मासा धरणारा हौशी असो, प्रत्येकाचे मत ठाम असते आणि दोघांची मते सहसा जुळत नाहीत. (कोकणच्या खाड्यांतल्या जिताड्यालाही इंग्रजीत 'सी बास' म्हणतात; पण अमेरिकेतल्या तळ्यातला बास वेगळ्या कुळातला.) हा वाद फार जुना आहे. तो कसकसा सुटत गेला, हे पाहिले म्हणजे शास्त्रात प्रश्न नेमका विचारण्याला किती महत्त्व असते ते कळते.

दोरीच्या रंगाचा जुना विचार

गळाने मासे धरणे हा पूर्वी राजांचाही छंद होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. जुन्या मराठीचे नमुने त्यात सापडतात, म्हणून भाषेच्या शिक्षकांना तो ठाऊक असतो. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची रीत यांचे वर्णन त्यात येते. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक डॉ. सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

दोरीच्या रंगाबद्दलचा स्पष्ट उपदेश १४९६ साली इंग्लंडात छापलेल्या गळविद्येवरील एका लेखात आढळतो. त्या काळी घोड्याच्या शेपटीचे केस वळून दोरी करीत. पाणी आणि ऋतू पाहून ते केस हिरवे, पिवळे, तपकिरी रंगवावेत असे त्यात सांगितले आहे. दोरी पाण्याच्या रंगाशी मिळतीजुळती असावी, हा त्यामागचा तर्क. मात्र 'मिळतीजुळती' हे ठरवणारा डोळा माणसाचा होता.

रंगामागे नेहमी माशाचाच विचार असे, असेही नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनच्या किनाऱ्यावर सुती जाळी तांबूस-तपकिरी दिसत. त्याचे कारण काथ! खैराच्या लाकडापासून काढलेला, आपण पानात खातो तोच काथ भारत आणि ब्रह्मदेशातून तिकडे जाई. त्यातील टॅनिनमुळे सुतावर जिवाणूंची वाढ रोखली जाई व जाळी लवकर कुजत नसत. रंग हा आनुषंगिक परिणाम होता.

हेस आणि फ्रिश यांचा वाद

माशाला रंग कळतात का, या मूळ प्रश्नाला विसाव्या शतकाच्या आरंभी तोंड फुटले. म्युनिकचे नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस यांनी अंधाऱ्या टाकीत प्रकाशाचा वर्णपट पाडला. मासे पिवळ्या-हिरव्या भागात गोळा झाले. संपूर्ण रंगांध माणसालाही तोच भाग सर्वांत उजळ दिसतो. यावरून मासे रंगांध आहेत, असा निष्कर्ष हेस यांनी काढला.

तरुण प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना हे पटेना. त्यांनी मिनो जातीच्या लहान माशांना विशिष्ट रंगाच्या कागदाजवळ खाद्य घेण्याची सवय लावली. मग खाद्य न देता तो कागद करड्या रंगाच्या फिक्या-गडद अनेक छटांमध्ये ठेवला. मासे केवळ उजळपणा ओळखत असते, तर एखाद्या करड्या छटेशी त्यांची गल्लत झाली असती. तशी ती झाली नाही. मासे नेमके रंगीत कागदाकडे गेले.

मग हेस यांचे निरीक्षण चुकीचे होते का? नव्हते. चूक निष्कर्षात होती. अंधारातून उजेडाकडे जाताना मासा रंगाचा उपयोग करत नाही. खाद्य शोधताना करतो. एखादी गोष्ट दिसणे वेगळे आणि तिची दखल घेणे वेगळे. पुढे मधमाश्यांच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध झालेल्या फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

बासचा अभ्यास १९३७ साली अमेरिकेत फ्रँक ब्राउन यांनी प्रसिद्ध केला. पिवळ्या काचेतून पाहणाऱ्या माणसाला जग जसे दिसेल, साधारण तसे बासला दिसत असावे, असे त्यांचे अनुमान होते. २०१९ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी बासच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या शंकुपेशी असल्याचे दाखवले : एक हिरव्या, दुसऱ्या तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या. शिकवलेले मासे तांबडा आणि हिरवा रंग चांगला ओळखत. पण पोपटी-पिवळा व पांढरा, तसेच निळा व काळा यांत गोंधळत. आपल्या डोळ्यांत शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. तेव्हा आपल्याला वेगळ्या वाटणाऱ्या दोन दोऱ्या बासला सारख्याच वाटू शकतात.

'न दिसणारी' दोरी

तोवर रसायनशास्त्राने दुसरी वाट काढली होती : रंगच नको, दोरी पारदर्शक करावी. अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने १९३५ साली नायलॉन तयार केले, १९३८ मध्ये ते जाहीर झाले आणि काही वर्षांतच तंगूस गळाला लागला. त्याच कृष्णेच्या वरच्या अंगाला, वाईला गरवारे समूहाच्या कारखान्यात आज मासेमारीची जाळी तयार होतात.

पण पारदर्शक म्हणजे अदृश्य नव्हे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, नायलॉनचा सुमारे १.५३. दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागून वर्ग केला, की पृष्ठभागावर लंब पडणाऱ्या प्रकाशापैकी किती भाग परावर्तित होतो ते कळते. नायलॉनसाठी हे उत्तर हवेत सुमारे ४.४ टक्के, तर पाण्यात सुमारे ०.५ टक्के येते. १९७१ साली जपानच्या कुरेहा कंपनीने १.४२ अपवर्तनांकाच्या फ्लुओरोकार्बनची दोरी आणली. तिच्यासाठी पाण्यातले उत्तर केवळ ०.१ टक्का! दोरी फिकी झाली, नाहीशी झाली नाही.

शिवाय मासा दोरीकडे खालून पाहत असेल, तर उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर कोणत्याही रंगाची अपारदर्शक दोरी काळपटच दिसणार. पावसाळ्यात कृष्णेला गढूळ पाणी येते, तेव्हा वीतभर अंतरावरचेही दिसत नाही. तिथे रंगाची चर्चाच व्यर्थ.

मग गळकऱ्याला काय सांगावे? स्वच्छ, उथळ पाण्यात मासा दोरी पाहू शकतो. पण दोरी दिसली म्हणून तो आमिष सोडेलच, असे त्यातून सिद्ध होत नाही. हेस यांच्या वादाचा धडा इथेही लागू आहे. माशाने दोरीला भिण्यासाठी तिचा संबंध धोक्याशी जोडायला हवा. हॉलंडमध्ये १९७० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत, एकदा गळाला लागून सुटलेले कार्प पुढे सहज गळाला लागत नसत. म्हणजे मासे शिकतात. ते दोरीवरून शिकले की आमिषावरून, हा मात्र स्वतंत्र प्रयोगाचा विषय.

वर्गात करून पाहण्याजोगे : बोरोसिलिकेट काचेची एक कांडी पाण्यात आणि तशीच दुसरी ग्लिसरिनमध्ये बुडवा. दोहोंचे अपवर्तनांक सुमारे १.४७ असल्याने ग्लिसरिनमधली कांडी जवळजवळ नाहीशी होईल. मग विद्यार्थ्यांना विचारा : दोरीचा रंग आणि मिळालेले मासे यांचा संबंध तपासायचा, तर आमिष, जाडी, जागा आणि वेळ यांचे काय करायचे? त्यांच्याकडून प्रयोगाचा आराखडा तयार करून घ्या. आणखी एक सांगा. काथात बुडवलेले सूत कधीतरी कुजत असे. नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही. तुटलेला तंगूस पाण्यात राहिला, तर ज्या गुणासाठी तो बनवला तोच गुण कासवाच्या आणि पाणपक्ष्याच्या जिवावर उठतो. म्हणून तो गुंडाळून परत आणावा.