खाडीवरील पहिला बार

मुलुंड-भांडुपच्या मिठागरांपलीकडे पसरलेल्या ठाण्याच्या खाडीच्या पाण्याला धनी असा कोणी नव्हता. हिंवाळ्यांत उतरणाऱ्या रानबदकांवर जो आधीं येईल त्याचा हक्क! अशा पाण्यावर एखाद्या उतावळ्यानें पल्ल्याबाहेरून बार काढला, कीं सारा थवा उठे. आणि पहाटेपासून चिखलांत दबा धरून बसलेला संयमी शिकारीच रिकाम्या हातानें परते. पुढल्या खेपेस मग तोहि घाई करी. भरतपुरास शिकाऱ्यांच्या जागा दरबारच नेमून देई. तेथें ही चढाओढ नव्हती. पण १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारींत, एका दिवसांत ४,२७३ पक्षी पडले. शिस्तीनें तंटा टळला. पक्ष्यांस तिचा कांहीं उपयोग झाला नाहीं. पुढें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस आवर घातला, १९९१ च्या दुरुस्तीनें परवान्यांची वाटहि बुजविली, आणि २०१५ सालीं याच खाडीच्या पश्चिम कांठाचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला.