ट्राम आली, वेधशाळा अलिबागला गेली

पेणहून वडखळमार्गे किंवा रोह्याहून तुम्ही अलिबागला गेलाच असाल. समुद्र, किल्ला, फोटो, परत. पण तिथे एक चुंबकीय वेधशाळा आहे. ती तिथे का आली, हे कळलं की तुमच्या फोनमधल्या सर्किट बोर्डचं एक कोडंही सुटतं.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजलं जायचं. १८५९चं प्रचंड सौरवादळ तिथे नोंदलं गेलं. हे क्षेत्र इथे साधारण ४० हजार नॅनोटेस्ला, आणि रोजचे चढउतार त्याच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे काम किती नाजूक बघा!

मग मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचं ठरलं. आज पेण-रोह्याच्या स्टेशनांवर विजेची गाडी बघता ना, तसंच: वीज वरच्या तारेतून येते, मोटर फिरवते आणि रुळांतून परत जाते. रुळांतला काही प्रवाह जमिनीत झिरपतो आणि भलत्याच वाटेने निघतो. जायची वाट एकीकडे, परतीची दुसरीकडे. मधला फेरा जेवढा मोठा, तेवढा त्याचा त्रास लांबवर पोचतो.

तेव्हाचे संचालक होते नानाभाई मूस. ट्राम तर थांबणार नव्हती, म्हणून यंत्रांनीच गाव बदललं. अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. बांधकामाचा दगडसुद्धा चुंबकीय नाही ना, हे तपासून घेतला. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळवला आणि मगच कुलाब्यातली मोजणी बंद केली. १९०७च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावली. गंमत म्हणजे अलिबागच्या जिल्ह्याचं नावही तेव्हा कुलाबाच होतं. रायगड झाला १९८१मध्ये.

आता फोन. त्यात रेडिओ आहे, प्रोसेसर आहे, सगळे शेजारी-शेजारी. इथे कोण कुठे पळणार? म्हणून उपाय उलटा: परतीची वाटच जवळ आणायची.

बोर्डवरच्या तांब्याच्या रेघेतून सिग्नल जातो आणि खालच्या ग्राउंडच्या थरातून परततो. साध्या दोन थरांच्या १.६ मिलिमीटर बोर्डमध्ये या दोन वाटांत जवळजवळ तेवढंच अंतर असतं. बोर्ड ०.८चा घेतला तर फेरा निम्मा होतो, पण बोर्ड लवचिक होतो. त्यापेक्षा चार थरांचा घ्या. एकूण जाडी तीच १.६, पण वरची रेघ आणि तिच्याखालचं ग्राउंड यांत सुमारे ०.२ मिलिमीटर. फेरा एक अष्टमांश, आणि प्रवाह-वारंवारता तीच असेल तर त्या फेऱ्यातून बाहेर पडणारं क्षेत्रही साधारण एक अष्टमांश.

म्हणजे बोर्ड मागवताना नुसतं “किती जाड?” विचारू नका. “सिग्नल आणि ग्राउंडमध्ये किती अंतर?” हे विचारा. आणि रेघेखालचं ग्राउंड मध्येच कापू नका. कापलंत तर परतीचा प्रवाह वळसा घालणार, आणि तुमच्या बोर्डवर पुन्हा ट्राम सुरू!

मूससाहेबांकडे पळायला अलिबाग होतं. आपल्याकडे मिलिमीटरचे काही हिस्से आहेत. भेटू पुढच्या भागात.