शंभराव्या युनिटची पायरी : गाडीच्या चार्जिंगचा दर आणि बाबासाहेबांचा वीजविचार

धायरीत आज घरोघरी एक नवा हिशेब चालू आहे. इलेक्ट्रिक गाडी घेतली, आता ती घरच्या मीटरवर चार्ज करायची की वेगळा मीटर घ्यायचा? रात्री लावायची की दिवसा? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावर तासन्‌तास चर्चा होते. पण ही चर्चा जिथे संपते, तिथूनच आमचा प्रश्न सुरू होतो. विजेचा दर हा फक्त महिन्याच्या बिलाचा विषय आहे काय? की कोणाला उजेड मिळावा, कोणाला वेग मिळावा आणि त्याची किंमत कोणी मोजावी, हे ठरवणारा तो एक सामाजिक निर्णय आहे? इतिहास पाहिला तर उत्तर स्पष्ट आहे.

पाणी मावळचे, वीज मुंबईची

महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर वीज आली ती आपल्या पुणे जिल्ह्याच्या सह्याद्रीतून. टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात पाणी अडवले आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. ती वीज गेली मुंबईच्या कापड गिरण्यांना. पुढे मुळशीत धरण बांधायचे ठरले तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापटांचे नाव त्यामुळे घराघरांत पोचले. तरीही धरण झाले, गावे बुडाली आणि भिऱ्याला वीज तयार झाली.

त्या काळचा कायदा होता १९१० चा. सरकार परवाना देई आणि कंपनी वीज विके. ज्याची पैसे मोजण्याची ऐपत आहे आणि जिथे तार ओढणे परवडते, तिथेच वीज जाई. ज्यांची जमीन गेली त्यांच्या झोपडीत दिवा लावण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती.

२५ ऑक्टोबर १९४३

ही चौकट तपासून पाहणारा माणूस केंद्रात आला तो जुलै १९४२ मध्ये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आपल्याकडे त्यांच्या या कारकिर्दीबद्दल बोलताना कामाचे तास आणि मजुरांचे कायदे सांगितले जातात. वीज आणि पाणी हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी सार्वजनिक बांधकामे आणि वीज यांची एक धोरण समिती नेमली गेली होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी नवी दिल्लीत तिच्या बैठकीत अध्यक्षस्थानावरून बाबासाहेबांनी जे भाषण केले, ते प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे असे आहे. वीज सरकारच्या मालकीची असावी की खाजगी? खाजगी असेल तर लोकहिताच्या रक्षणासाठी कोणत्या अटी घालाव्यात? केंद्राची जबाबदारी कोणती आणि प्रांतांची कोणती? हे प्रश्न त्यांनी समितीपुढे ठेवले. त्यांच्या मांडणीचा गाभा असा : स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण होणार नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय लोक दारिद्र्याच्या चक्रातून सुटणार नाहीत.

इथे ‘स्वस्त’ आणि ‘मुबलक’ हे दोन शब्द नीट लक्षात घ्या. बाबासाहेबांसाठी वीज हे साधन होते आणि दारिद्र्यातून मुक्ती हे साध्य होते. म्हणजे वीजदर बरोबर की चूक हे ठरवण्याची कसोटी त्यांनी १९४३ मध्येच देऊन ठेवली आहे : हा दर गरीब माणसाला त्याच्या दारिद्र्यातून वर काढतो की तिथेच दाबून ठेवतो?

१९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी तरतूद राज्यघटनेतच मागितली. १९४८ मध्ये वीजपुरवठ्याचा कायदा झाला, तेव्हा केंद्रात वीज खाते आपल्या पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांकडे होते. त्या कायद्यातून राज्यांची वीज मंडळे उभी राहिली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आले ते १९६० मध्ये.

गावात वीज, वस्तीत अंधार

मंडळ सरकारी झाले म्हणून वीज आपोआप सर्वांची झाली नाही. कोयनेची वीज राज्यभर गेली आणि कोयनेचे धरणग्रस्त पुनर्वसनासाठी पिढ्यान्‌पिढ्या लढत राहिले. गावागावांत तारा पोचल्या, पण आधी कुठे आणि शेवटी कुठे, हे ज्यांचे बालपण गावकुसाबाहेर गेले त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

याचा पुरावा सरकारच्या स्वतःच्या व्याख्येत आहे. एके काळी गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली गेली की ते गाव ‘विद्युतीकृत’ म्हणून मोजले जाई. एका शेतातला एक पंप चालला की अख्खे गाव उजळले असे कागदावर लिहिले जाई! १९९७ मध्ये वीज निदान लोकवस्तीत वापरली जावी अशी सुधारणा झाली. २००४ मध्ये व्याख्या पुन्हा बदलली. आता गावातल्या वस्तीबरोबरच दलित वस्तीतही वीज पोचली पाहिजे आणि किमान १० टक्के घरांत जोडणी पाहिजे, असे लिहिले गेले. विचार करा, ‘दलित वस्ती’ हे शब्द विजेच्या व्याख्येत यायला स्वातंत्र्यानंतर ५७ वर्षे लागली.

पुढे महावितरणने अनुसूचित जाती-जमातींच्या घरांसाठी १४ एप्रिल २०२१ पासून बाबासाहेबांच्याच नावाने जीवनप्रकाश योजना आणली. ५०० रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत. योजना चांगलीच होती. पण २०२१ मध्येही अशा योजनेची गरज पडावी, यातच सर्व काही आले.

दर कोण ठरवतो?

१९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. २००३ च्या वीज कायद्यानंतर, २००५ मध्ये, मंडळाचे विभाजन होऊन महावितरण ही वितरण कंपनी झाली. दर ठरवतो तो आयोग.

या कायद्याचे कलम ६२(३) वाचा. कोणत्याही ग्राहकाला गैरवाजवी झुकते माप देऊ नये, पण एकूण वापर, वापराची वेळ, पुरवठ्याचे स्वरूप आणि हेतू अशा निकषांवर दरात फरक करता येतो, असे ते सांगते. आपल्या बिलातला प्रत्येक फरक याच कलमातून येतो. ‘एकूण वापर’ या निकषावर घरगुती टप्पे आहेत : १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. ‘हेतू’ या निकषावर गाडी चार्जिंगचा वेगळा वर्ग आहे. ‘वेळ’ या निकषावर दिवसाची सवलत आहे. आता धायरीच्या हिशेबाकडे येऊ.

पर्याय कोणते?

पहिला पर्याय घरचाच मीटर. स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली तर त्या जागेचाच दर लागतो. बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो की ३०० च्या वर एक युनिट गेले की सगळीच वीज महाग होते. तसे नाही. टप्पे पायरीसारखे आहेत. पहिली १०० युनिटे पहिल्याच दराने, पुढची २०० दुसऱ्या दराने आणि त्यावरची तेवढीच तिसऱ्या दराने. समजा घराचा वापर १७० युनिटे आहे आणि गाडी महिन्याला हजार किलोमीटर धावते. एका युनिटला सहा-सात किलोमीटर धरले तर साधारण १६० युनिटे वाढतात. एकूण झाली ३३०. तिसऱ्या टप्प्यात गेली फक्त ३०. अशा कुटुंबाला बहुधा वेगळ्या मीटरची गरज नाही.

दुसरा पर्याय वेगळा मीटर. सप्टेंबर २०१८ मध्ये आयोगाने चार्जिंगसाठी स्वतंत्र वर्ग केला. त्यात टप्पे नाहीत, एकच दर आहे आणि तो घरगुती वरच्या टप्प्यांपेक्षा कमी राखला गेला. मात्र त्याचा स्थिर आकार वेगळा भरावा लागतो. गाडी टॅक्सी म्हणून महिन्याला दोन-तीन हजार किलोमीटर पळत असेल तर हा पर्याय परवडू शकतो. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आणि चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची तरतूद आली.

तिसरा पर्याय वेळेचा. उद्योगांना वर्षानुवर्षे रात्री १० ते सकाळी ६ वीज स्वस्त मिळे, कारण रात्री मागणी कमी असे. आता दुपारी सौर वीज मुबलक असते, म्हणून स्वस्ताई दिवसाकडे सरकली. केंद्राने २०२३ च्या नियमांत सौर तासांचा दर कमी ठेवण्यास सांगितले आणि १ जुलै २०२५ पासून महावितरणने टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत सुरू केली. गाडी दिवसा घरी उभी असेल तर दुपारीच लावा.

दर बदलत राहतात, म्हणून पाठ करायचा तो हिशेब. गाडीची युनिटे आपल्या घराच्या कोणत्या टप्प्यात पडतात ते पाहा. त्यांची रक्कम काढा आणि वेगळ्या मीटरची रक्कम, स्थिर आकार धरून, तिच्याशी ताडून पाहा. वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क दोन्हीकडे तपासा. घरात मोठा चार्जर लावण्यापूर्वी मंजूर भार वाढवून घ्या.

पायरी सर्वात उंच कुठे आहे?

आता आमचा मुद्दा. धायरीचा काही भाग १९९७ मध्ये आणि उरलेला २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आला. इथे एका बाजूला उंच सोसायट्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोल्या. त्या खोल्यांतली मुले इलेक्ट्रिक स्कूटरवर डबे आणि पार्सले पोचवतात. त्यांच्यासाठी गाडी ही हौस नाही, रोजी आहे.

अशा मुलाचा हिशेब मांडू. खोलीचा वापर ८० युनिटे. स्कूटर रोज शंभर किलोमीटर धावते, म्हणजे दिवसाला तीन-साडेतीन युनिटे, महिन्याला शंभरच्या आसपास. एकूण १८०. त्याची बहुतेक गाडी दुसऱ्या टप्प्यात पडली. आणि महाराष्ट्राच्या दरपत्रकातली प्रमाणाने सर्वात उंच पायरी इथेच आहे. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्याचा दर दुपटीच्या आसपास जातो. दुसऱ्यावरून तिसऱ्याची चढण त्या मानाने सौम्य आहे. गरीब जिथे उभा आहे, तिथेच शिडीचा दांडा सर्वात लांब!

तो वेगळा मीटर घेऊ शकतो का? त्याला पार्किंग नाही. दुपारची सवलत? दुपारी तर तो रस्त्यावर असतो. छतावर सौर पॅनल? २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, पण छत मालकाचे. आणि बऱ्याच ठिकाणी तर त्याच्या नावाने मीटरच नाही. घरमालकाचा सबमीटर असतो आणि मालक सांगेल तो एकच सपाट दर. त्या मुलाला पहिल्या शंभर युनिटांची स्वस्ताईसुद्धा मिळत नाही. आडनाव विचारून खोली देणाऱ्या शहरात, मिळालेली खोली टिकवण्यासाठी तो मालकाशी विजेवरून भांडत नाही.

कुणी म्हणेल, यात जात कुठे आली? दरपत्रकात जात लिहिलेली नसते, हे खरे. पण पार्किंग, छत, स्वतःच्या नावाचा मीटर आणि दुपारी घरी असण्याची सोय या चार गोष्टींवर सगळ्या सवलती टांगलेल्या आहेत. या चार गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या कोणाकडे साठत गेल्या आणि कोणाला नाकारल्या गेल्या, हे समाजशास्त्राच्या पुस्तकाशिवायही दिसते. त्यात २०२५ च्या राज्याच्या धोरणाने इलेक्ट्रिक मोटारींना अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी दिली. मोटारींना प्रोत्साहन द्यायला आमचा विरोध नाही, धूर कमी झालाच पाहिजे. पण सार्वजनिक सवलतीचा ओघ मोटारीकडे आणि उंच पायरी स्कूटरकडे, हे १९४३ च्या कसोटीवर उतरत नाही.

काय करायचे?

पहिले, मीटर मागा. वीज कायद्याच्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा भोगवटादार, दोघांनाही जोडणी मागण्याचा हक्क आहे. भाडेकरू हा भोगवटादार आहे. भाडेकरार करून घ्या, अर्ज करा आणि पोच घ्या.

दुसरे, महापालिकेकडे वस्त्यांमध्ये आणि रिक्षा थांब्यांवर सार्वजनिक चार्जिंगची मागणी करा. तिथे चार्जिंग वर्गाचा दर लागावा आणि त्यावर कोणी मनमानी नफा चढवू नये, अशी अट घालायला लावा. ज्याला पार्किंग नाही, त्याची पार्किंग ही सार्वजनिक जागाच आहे.

तिसरे आणि सर्वात महत्त्वाचे, आयोगापुढे जा. कलम ६४ प्रमाणे दर ठरवण्यापूर्वी लोकांच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. पुण्यातली प्रयास ही संस्था वर्षानुवर्षे तिथे अभ्यासपूर्ण बाजू मांडत आली आहे. उद्योगांचे प्रतिनिधीही फायली घेऊन हजर असतात. आपण कुठे असतो? जयंतीच्या मिरवणुकीत रोषणाई करणाऱ्या आपल्या मंडळांनी त्या रोषणाईच्या दरावर एक तरी हरकत दाखल केली आहे काय? उपजीविकेच्या दुचाकीसाठी शंभराव्या युनिटची पायरी कमी करा, ही एका पानाची हरकत लिहायला वकील लागत नाही.

धायरीच्या ज्या बांधवांनी मोटार घेतली आहे त्यांनी आपला हिशेब जरूर करावा आणि योग्य दर निवडावा. पण दर निवडण्याची सोय आपल्याला मिळाली आहे, हे विसरू नये. खालच्या खोलीतल्या मुलाला अजून निवडायला काहीच मिळालेले नाही. बाबासाहेबांनी मागितलेली स्वस्त आणि मुबलक वीज त्याच्या स्कूटरपर्यंत पोचवणे, हे आपले काम आहे.

जय भीम!