लस टोंचल्यानंतरची खबरदारी : नाशिकचा एक अध्याय

इ. स. १८९९ मध्यें नाशिकजवळच्या भगूर गांवीं प्लेगनें दामोदरपंत सावरकरांचा बळी घेतला. त्यापूर्वीं दोन वर्षें, ता. १० जानेवारी १८९७ रोजीं, मुंबईंत डॉ. हाफकिन यांनीं आपण सिद्ध केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःसच टोंचून घेतली होती. त्या लसीनें धोका कमी होई. नाहींसा होत नसे. सामान्य माणसाची समजूत मात्र सदैव अशी कीं, सुई एकदां दंडांत शिरली म्हणजे अंगावर कवच चढलें!

ही समजूत नाशिककरांस इ. स. २०२१ मध्यें पुन्हां तपासून पाहावी लागली. करोनाची लस ता. १६ जानेवारीपासून देण्यांत येऊं लागली, आणि मार्चमध्यें साठीपुढील मंडळींची पाळी आली. पण दुसऱ्या मात्रेनंतरहि पुरेसें संरक्षण येण्यास सुमारें दोन आठवडे लागतात, आणि साथ कोणाकरितां थांबत नाहीं. त्याच सुमारास दुसरी लाट शहरावर कोसळली. ता. २१ एप्रिल रोजीं झाकीर हुसेन रुग्णालयांत प्राणवायूच्या टाकीस गळती लागून वीसांहून अधिक रुग्ण दगावले.

मार्चांत भरावयाचें ९४ वें साहित्य संमेलनहि लांबणीवर पडलें, तें ता. ३ ते ५ डिसेंबरला आडगांवीं कुसुमाग्रज नगरींत भरलें. नियोजित अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर प्रकृतीमुळें येऊं शकले नाहींत. 'ओमिक्रॉन' हें नांव जगानें नुकतेंच ऐकलें होतें. ता. २७ नोव्हेंबरच्या सरकारी आज्ञेप्रमाणें समारंभास येणाऱ्याच्या दोन्ही मात्रा होऊन चौदा दिवस लोटलेले असावेत, आणि शिवाय तोंडास मुखपट्टी असावी. नसल्यास पांचशें रुपये दंड!

लस गुणकारी, तर मुखपट्टी कशाला, हा प्रश्न पुष्कळांना पडे, आणि तो गैरवाजवी नव्हता. दंडांत टोंचलेल्या लसीचे रक्षक मुख्यतः रक्तांत वावरतात. विषाणु उतरतो तो नाकाघशांत, जेथें पहारा विरळ. म्हणून लस घेतलेला माणूस नुसत्या पडशावर निभावून जाई, पण तेंच पडसें घरच्या वृद्धाला देऊं शके. शिवाय संसर्ग रोखण्याची शक्ति कांहीं महिन्यांत ओसरे. गंभीर आजारापासून मिळणारें रक्षण अधिक टिके.

तिसऱ्या मात्रेस सरकारनें नांवच 'खबरदारीची मात्रा' असें दिलें. तिचा आरंभ ता. १० जानेवारी २०२२ रोजीं झाला. हाफकिननें सुई टोंचून घेतल्यास त्या दिवशीं बरोबर सव्वाशें वर्षें पुरीं होत होतीं. मुखपट्टीची सक्ति त्याच वर्षीं गुढीपाडव्याला, ता. २ एप्रिल रोजीं, उठली.