गण

वेरूळला गेलात की कैलासाच्या गर्दीत २१ क्रमांकाचं रामेश्वर लेणं राहून जातं. राहू देऊ नका. भिंतीवर शिव-पार्वती सारीपाट मांडून बसलेत आणि खाली नंदीला सतावणारे ठेंगणे गण. आखूड पाय, गरगरीत पोट, अंगात खोड्या भरलेल्या.

फाशांच्याच आणखी एका खेळात, १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये, असे बुटके लोक आहेत. आधी ते टोल्किनच्या कादंबऱ्यांतले ‘हॉबिट’ होते; हक्कदारांनी हरकत घेतली, तेव्हा ‘हाफलिंग’ झाले. म्हणजे अर्धुक. मोठ्या माणसाची पट्टी लावून ठेवलेलं नाव. मला ते खुपतं. नावच अर्धं असलं की खेळणाराही पात्र अर्धंच रंगवतो: खादाड, भित्रं, इतरांच्या करमणुकीपुरतं.

आपला शब्द उंची बघत नाही. गण म्हणजे समूह. गणना, गणित, अगणित, सभेची गणपूर्ती, सगळी त्याच घरातली. वृत्तात यगण, पत्रिकेत देवगण. पंचायत समितीचा मतदारसंघसुद्धा गणच. आणि या सगळ्या बुटक्यांचा नायक गणपती, स्वतःही आखूड बांध्याचा, तुंदिलतनू.

‘नगण्य’ही याच घरातला, मोजणीत न धरण्याजोगा. रामेश्वर लेण्यातल्या कारागिराने मात्र एकेक गण मोजूनच घडवलाय. प्रत्येकाची ढब वेगळी.