माळ्यावरचा चरखा

ज्येष्ठ महिन्यात माउलींची पालखी निघण्याआधी आळंदीतल्या घराघरांतून माळे रिकामे केले जातात. वारकरी उतरायला येतात, त्यांना जागा करून द्यावी लागते. दोन वर्षांपूर्वी अशाच आवराआवरीत इंद्रायणीच्या काठाजवळच्या एका जुन्या घरात माळ्यावरून एक चपटी लाकडी पेटी खाली आली. झाकण उघडल्यावर आत दोन आडवी लाकडी चाके, एक मोठे व एक लहान, आणि कोपऱ्यात गंजलेले चाते. घरातील मुलगा दहावीत होता. त्याने ही पेटी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नेली आणि सोबत स्वतःच्या हाताने पाटीही लिहून नेली: ‘महात्मा गांधींनी येरवडा तुरुंगात वापरलेला चरखा’.

आधार विचारल्यावर मुलाने सांगितले की, घरात या पेटीला पहिल्यापासून ‘येरवड्याचा चरखा’ असेच म्हणतात. शेजारच्या एका गृहस्थांनी तो दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा, पेशवाईतला असल्याचे छातीठोकपणे सांगितले. आणखी कोणी तरी तो थेट माउलींच्या काळापर्यंत नेला. शाळेतील विज्ञानाच्या बाईंची मात्र अडचण झाली. पाटी खोटी असेल तर ती लावायची कशी, आणि खरी असेल तर मुलाला ती काढायला सांगायची कशी? त्यांनी आम्हांला बोलावले. आमचे क्षेत्र पदार्थविज्ञानाचे. पुराणवस्तूंचे वय ठरवण्याचा अनुभव नाही, हे आम्ही आधीच सांगितले. पण प्रश्न असा होता की, तो कोणत्याही शाळेत सोडवता यावा.

सुरुवात सर्वांत दूरच्या दाव्यापासून केली. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली ती १२९६ साली. त्या वेळी आळंदीत सूत कातले जात असणार याविषयी शंका नाही. ज्या नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथेच डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले, आणि तिथल्या ताम्रपाषाणयुगीन दफनात तांब्याच्या मण्यांत ओवलेला दोरा मिळाला. तो तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. परंतु सूत कातायला चाक लागतेच असे नाही. हातात धरून भिंगरीसारखी फिरवायची टकळी पुरते. चाकाची भारतातील वाटचाल बरीच अलीकडची दिसते. आपल्याकडच्या लेखी साधनांत चरख्याचा स्पष्ट उल्लेख प्रथम येतो तो इसामीच्या ‘फुतूह-उस-सलातीन’ या फारसी काव्यात, १३५० साली. हा इसामी दिल्लीचा. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी हलवली तेव्हा आजोबांसोबत दौलताबादला निघालेला. रझिया सुलतानवर टीका करताना त्याने बाईची जागा चरख्यापाशी असल्याचा शेरा मारला आहे. शेरा खवचट आहे, पण इतिहासकाराच्या कामाचा. टीकेत सहज वापरता यावा इतका चरखा त्या वेळी घरोघरी रुळलेला होता, हे त्यातून कळते. इरफान हबीब यांच्या मते हे चाक तेराव्या-चौदाव्या शतकांत बाहेरून भारतात आले. युरोपातही ते जवळपास त्याच सुमारास दिसू लागते. जर्मनीतील श्पायर गावच्या विणकर संघाने सुमारे १२८० साली चाकावर कातलेले सूत बाण्यासाठी चालेल, ताण्यासाठी नाही, असा नियम केला होता. चाकाच्या सुताच्या मजबुतीवर त्यांचा विश्वास बसला नव्हता.

तेव्हा माउलींच्या आळंदीत चाक होते की टकळी, हा प्रश्न रंजक आहे. परंतु आमच्या पेटीपुरता तो गैरलागू होता. इसामीने पाहिलेला चरखा आणि ही पेटी यांत सहाशे वर्षांचे अंतर आहे, आणि ते पेटीच्या रचनेतच लिहिलेले आहे.

जुना चरखा उभ्या चाकाचा. जुन्या मराठीत रहाट हा शब्द विहिरीवरच्या चाकाबरोबर या चाकालाही लावलेला आढळतो. मोठ्या चाकावरून माळ, म्हणजे दोरीचा पट्टा, चात्यावर जाते. चाक २० इंचांचे आणि चात्यावरची कप्पी अर्ध्या इंचाची असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात चाते ४० वेळा फिरते. गती वाढवायची तर चाक मोठे करावे लागते, आणि मोठे चाक पेटीत मावत नाही. आमच्या पेटीत ही अडचण दोन टप्प्यांनी सोडवलेली होती. मोठे चाक लहान चाकाच्या आसावरची कप्पी फिरवते आणि लहान चाकाचा परीघ चाते फिरवतो. वर्गातील एका मुलीचे वडील चाकणच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतात. ते व्हर्नियर घेऊन आले. मोठे चाक ८ इंच, त्याने फिरणारी कप्पी दीड इंच. लहान चाक ६ इंच, चात्यावरची कप्पी तीन अष्टमांश इंच. पहिल्या टप्प्याला ५.३ पट, दुसऱ्याला १६ पट. एकूण सुमारे ८५. मुलांनी चात्यावर खडूची खूण करून, चाक अगदी सावकाश फिरवून फेरे मोजले. ८२ आले. उरलेले माळेच्या घसरण्यात गेले असावेत.

हे दोन टप्प्यांचे, पेटीत बसणारे रूप पेशवाईतले नाही. गांधीजींनी हातकताईचा शोध सुरू केला तेव्हा त्यांना आधी जुना चरखाच मिळेना. १८५६ मध्ये मुंबईत दावरांची पहिली कापडगिरणी चालू झाली आणि पुढच्या साठ वर्षांत गावोगावचे चरखे माळ्यावर गेले. गंगाबेन मजुमदार यांना ते अखेर बडोदा संस्थानातल्या विजापूरला सापडले, तेही बहुतेक अडगळीत पडलेले. हे चरखे अवजड होते. १९२५ साली स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अट अशी की, आठ तासांत १६,००० फूट सूत निघावे, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी आणि यंत्र वीस वर्षे टिकावे. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहानंतर गांधीजी मे महिन्यात येरवड्यात आले, तेव्हा त्यांनी तिथे लहान, घडीच्या चरख्यावर प्रयोग केले. त्यातून प्रसिद्धीस आलेल्या पेटीच्या चरख्याला नाव मिळाले ‘येरवडा चक्र’.

इथे मुलाच्या पाटीचा उलगडा झाला. ‘येरवड्याचा’ हे त्या विशिष्ट वस्तूचे मूळ गाव नव्हते, ते तिच्या जातीचे नाव होते. पैठणी नेसणारी प्रत्येक बाई पैठणची नसते, तसेच हे. पण आळंदीपासून येरवडा अवघ्या पंधरा-वीस किलोमीटरवर. एखाद्या दूरच्या गावी हा घोटाळा झाला नसता. इथे जवळपणानेच तो केला.

मात्र एवढ्याने वय ठरले नाही. रचनेवरून ‘याच्या आधीचा नाही’ इतकेच सांगता येते, ‘याच्या नंतरचा नाही’ असे नाही. नवे रूप आले म्हणून जुने लगेच जात नाही. १९३१ च्या राष्ट्रसभेच्या ध्वजावर उभ्या चाकाचाच चरखा होता. मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ साली पुण्यात गांधीजींचे जे जगप्रसिद्ध छायाचित्र घेतले, त्यातही समोर उभे चाकच दिसते. म्हणजे उभा चरखा सापडला की तो जुना, असे धरणारा फसतो. आणि पेटीचा चरखा १९३० चाच असेल असे धरणाराही फसतो, कारण या पेट्या पुढे कित्येक दशके बनत राहिल्या.

बाईंनी स्वाभाविक प्रश्न विचारला: लाकडाचे वय कार्बन-१४ वरून काढता येणार नाही का? हा प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो की, त्यावर थोडे थांबायला हवे. कार्बन-१४ चा अर्धायुष्यकाल ५,७३० वर्षे. शंभर वर्षांत त्याचा जेमतेम सव्वा टक्का क्षय होतो. दुसरीकडे, हवेतील त्याचे प्रमाण गेल्या चारशे वर्षांत सूर्याच्या क्रियाशीलतेमुळे आणि नंतर दगडी कोळशाच्या धुरामुळे असे खालीवर झाले आहे की, साधारण १६५० ते १९५० मधील लाकडासाठी एकाच मोजमापाला तीन-चार वेगवेगळी उत्तरे निघतात. पेशवाई की स्वातंत्र्यलढा, हे ती पद्धत नेमके सांगू शकत नाही. १९५५ नंतरच्या अणुचाचण्यांनी हवेतील कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला, त्यामुळे त्यानंतर वाढलेले लाकूड सहज ओळखू येते. पण सागाच्या गाभ्यातले लाकूड झाड तोडण्याच्या कित्येक वर्षे आधीचे असते. झाड केव्हा वाढले ते कळेल. सुताराने रंधा केव्हा मारला ते नाही. जुन्या वाड्याची तुळई चिरून केलेला चरखा त्या तुळईचेच वय सांगेल. वर्तुळांवरून काळ ठरवण्याच्या पद्धतीचेही तेच. सागात वार्षिक वर्तुळे चांगली उमटतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत त्यांवरून जुन्या पर्जन्यमानाचा अभ्यासही झाला आहे. पण त्यासाठी वर्तुळांची लांबलचक मालिका लागते, आठ इंचांची फळी पुरत नाही.

तेव्हा पुन्हा व्हर्नियरकडे. मोठे चाक लाकडाच्या रेषेच्या दिशेने २०३ मिलिमीटर भरले, रेषेला आडवे २०१. लाकूड वाळताना रेषेच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडवे आकसते. म्हणून कातून गोल केलेले चाक काळाबरोबर किंचित लंबगोल होते. मुलांना हे फार आवडले. पण यावरून वर्षे काढता येत नाहीत, कारण लाकूड मुळात किती ओले होते ते ठाऊक नसते. २०३ हा आकडा मात्र बोलका होता: तो म्हणजे बरोबर ८ इंच. पेटी इंचांत घडवलेली. दशमान मापांचा कायदा १९५६ चा. पण सुताराच्या हाताखालची फूटपट्टी कायद्याबरोबर बदलत नाही, म्हणून हा पुरावा आम्ही कच्चाच धरला. बिजागऱ्यांचे स्क्रू एका खाचेचे, यंत्रावर पाडलेले, टोकदार. असे स्क्रू १८४६ नंतरचे. पेशवाई संपली १८१८ मध्ये, तेव्हा शेजारच्या गृहस्थांना एवढे उत्तर पुरले. माळ नायलॉनची होती. ती नंतर बदललेली हे उघड होते, म्हणून हिशेबात धरली नाही. चरख्यात सर्वांत आधी बदलते ती माळ, मग चाते. वय ठरवताना सहसा न बदलणाऱ्या भागांनाच साक्षीला बोलवावे.

निकाल लागला तो झाकणाच्या आतल्या बाजूला. तिथे एक फाटका छापील कागद चिकटवलेला होता. त्यावरचे दुकानाचे नाव गेले होते, रुपयांचा आकडाही गेला होता. उरली होती फक्त शेवटची अक्षरे, ‘न. पै.’. नवे पैसे! भारतात दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला, आणि ‘नवे’ हे विशेषण १ जून १९६४ पासून गळले. मुलांना हे शब्द ठाऊकच नव्हते. बाईंनी घरून एक नाणे आणून दाखवले.

इथे वर्गातील एका मुलीने जी शंका काढली ती आमच्या मनात आली नव्हती. कागदाचे वय म्हणजे पेटीचे वय कशावरून? कोणी तरी नंतर चिकटवला असेल. कागदाचा एक कोपरा सुटलेला होता. त्याखालचे लाकूड फिकट, स्वच्छ होते. बाकीचे झाकण तेलाने व हाताळण्याने काळवंडलेले. जुन्या, वापरलेल्या पेटीवर कागद लावला असता तर त्याखालीही काळपटपणा दिसला असता. पेटी नवी असतानाच तो लागला होता.

म्हणजे १९५७ ते १९६४. गांधीजींच्या हत्येनंतर किमान नऊ वर्षांनी.

मुलाचा चेहरा उतरला. त्याची पणजी आतल्या खोलीत असते, ऐंशी ओलांडलेली. तिला विचारावे असे एवढ्या दिवसांत कोणालाच सुचले नव्हते, आम्हांलाही नाही. बाई आणि मुलगा तिच्यापाशी जाऊन बसले. ‘आजी, हा चरखा कधीचा हो?’ तिने पेटीवर हात फिरवला. ‘पानशेतच्या आदल्या साली आणला मामंजींनी, पुण्याहून. मी नवी होते. दुपारी बसायची मी यावर. येरवडा घेऊन ये गं, असं म्हणायचे ते.’

पानशेतचे धरण फुटले १२ जुलै १९६१ ला. आदले साल म्हणजे १९६०. कागदाने आखलेल्या सात वर्षांच्या बरोबर आत.

आठवण आणि कागद एकमेकांपासून स्वतंत्र होते, म्हणून त्यांच्या जुळण्याला अर्थ आला. याच्या उलट टोकाचे उदाहरण आम्ही मुलांना सांगितले. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमध्ये असाच एक पेटीचा चरखा लिलावात १,१०,००० पौंडांना विकला गेला. तो गांधीजींनी येरवड्यात वापरला होता आणि पुढे रेव्हरंड फ्लॉइड पफर या अमेरिकन मिशनऱ्याला भेट दिला होता, अशी त्याची हकिकत. लाकूड, चाके, चाते यांत आणि आळंदीच्या पेटीत फरक असा काय असणार? किंमत आली ती एका हातातून दुसऱ्या हातात कसा गेला या साखळीला. ती साखळी लाकडावर लिहिलेली नसते. ती पत्रांत, नोंदींत, माणसांच्या सांगण्यात असते, आणि प्रत्येक कडी वेगळी तपासावी लागते. आळंदीच्या पेटीलाही साखळी होती, फक्त निराळी.

शिक्षक वाचकांना एक सुचवावेसे वाटते. १९३७ च्या वर्धा योजनेनंतर अनेक शाळांत कताई शिकवली जाई. त्या टकळ्या आणि चरखे काही जुन्या शाळांच्या कोठीत अजून पडून असतील. भंगारात घालण्यापूर्वी झाकणाची आतली बाजू, चाकाखालची लाकडी पट्टी आणि तळ पाहावा. किंमत आण्यांत आहे का, पत्त्यात पिन कोड आहे का (तो १९७२ पासून आला), गाव ‘पूना’ छापले आहे की ‘पुणे’, एवढ्यावरूनही दशक सापडते. पुसू नये, पॉलिश तर मुळीच करू नये. आमच्या पेटीला आधीच पॉलिश केले असते तर तो काळपटपणा आणि त्याखालचा फिकट कोपरा, दोन्ही गेले असते.

प्रदर्शनात पाटी बदलून लागली. मुलाने ती स्वतःच लिहिली: ‘येरवडा चक्र, पेटीचा चरखा. पुण्याहून १९६० च्या सुमारास आणलेला. वापरणारी व्यक्ती: माझी पणजी.’ शेवटच्या दिवशी आजींना खुर्चीवर बसवून आणले होते. पेळू मिळाले नव्हते, म्हणून कोणी तरी औषधाच्या दुकानातून कापसाची गुंडाळी आणली. त्या कापसाचे सूत तिसऱ्या हातालाच तुटत होते. आजींनी मुलांना सांगितले की, हा कापूस कातायचा नव्हे.