दोराच्या पहिल्या टोकाला कोण होतं?

‘पाच जणांच्या पथकाने सुळका सर केला.’ अशी बातमी तुम्ही कितीतरी वेळा वाचली असेल. व्याकरण चोख आहे, पण जरा बारकाईने बघा. ‘केला’ हे क्रियापद सुळक्याच्या मागे चाललंय. चढणारे बाप्ये होते, बाया होत्या की दोन्ही, याचा वाक्याला पत्ताच नाही. सुळका पुल्लिंगी आहे, एवढं मात्र पक्कं कळतं! आणि दोराच्या पहिल्या टोकाला कोण होतं, हे तर अजिबातच कळत नाही.

गिर्यारोहणाचा इतिहास वाचताना मला हाच प्रश्न सारखा छळतो. ‘ही स्त्री अमुक शिखरावर पोचली’ हे कागदपत्रांत चटकन सापडतं. ‘ती पुढे होती की मागे’ हे शोधायला मात्र पानंच्या पानं चाळावी लागतात. म्हणाल, एवढा काय फरक पडतो? शिखर तर दोघांनीही गाठलं ना? फरक पडतो, आणि चांगलाच पडतो.

लीड म्हणजे नक्की काय?

समजा दोघं जण एक कडा चढतायत. पुढच्याचा दोर त्याच्या कमरेपासून खाली जातो. वाटेत तो कातळात मेख ठोकतो, त्यात दोर अडकवतो आणि पुढे सरकतो. शेवटच्या मेखेच्या 3 मीटर वर असताना त्याचा पाय सुटला तर तो 3 नाही, निदान 6 मीटर खाली येतो. आधी मेखेपर्यंत, मग तेवढाच तिच्याखाली. वर दोराचा ताण वेगळाच.

मागून येणाऱ्याचा दोर मात्र वरून येतो. त्याचा पाय सुटला तर तो जागच्या जागी लोंबकळतो, ‘आई गं’ म्हणतो आणि पुन्हा चढू लागतो. कडा तोच, उंची तीच, पण खेळ दोन वेगळे.

शंभर वर्षांपूर्वी हा फरक आणखी भीषण होता. दोर अंबाडीसारख्या धाग्यांचे असत आणि थेट कमरेला बांधत. मेखा असल्या तर मोजक्याच. नायलॉनचे दोर रूढ झाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. म्हणून जुना नियम एकच होता : पुढच्याने पडायचं नाही. वाट कुठून काढायची, कुठे थांबायचं, हवा बिघडली तर कधी माघारी फिरायचं, हे सगळं तोच ठरवणार. लीड करणं म्हणजे जोखीम आणि निर्णय, दोन्ही एकाच माणसाच्या गळ्यात.

भेगेला नाव कोणाचं?

आता फ्रान्समध्ये, शामोनीला चला. तिथे ग्रेपों नावाचं 3482 मीटर उंचीचं एक काटेरी शिखर आहे. 1881 साली ते पहिल्यांदा सर झालं. तिघं होते : इंग्रज गिर्यारोहक मम्मरी आणि त्याचे दोन स्विस गाईड, बुर्गेनर आणि वेनेत्झ. वाटेत एक अवघड उभी भेग लागते. तिचं नाव आजही ‘मम्मरीची भेग’ असंच आहे.

गंमत अशी, की त्या दिवशी ती भेग पहिल्यांदा लीड केली वेनेत्झने! मम्मरी मागून आला. पण मोहीम त्याची, पैसे त्याचे, पुढे पुस्तकही त्यानेच लिहिलं. तेव्हा नाव त्याचं लागलं.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे, ‘बायका काय, गाईडच्या मागे मागे चढायच्या’ असं फार सहज म्हटलं जातं. 1871 साली मॅटरहॉर्नवर पोचणारी पहिली स्त्री लूसी वॉकर गाईड घेऊनच गेली होती, हे खरंच आहे. पण त्या काळातले बहुतेक नामांकित साहेबलोकही तसेच चढत होते. पुढे राहणारा गाईड नोंदीत मागे, आणि मागून येणारा साहेब नोंदीत पुढे. म्हणजे दोराचं पहिलं टोक आणि इतिहासाचं पहिलं टोक ही मुळात वेगवेगळी टोकं होती. फक्त साहेब मागे राहिला तरी त्याच्या ‘गिर्यारोहक’पणाबद्दल कोणी शंका घेत नसे. बाई मागे राहिली, की ‘हिला वर आणलं’.

1893 साली मम्मरी पुन्हा ग्रेपोंवर गेला, या वेळी गाईडशिवाय. सोबत मित्र होते आणि लिली ब्रिस्टो होती. ग्रेपोंवर पोचलेली ती पहिली स्त्री. वर जाताना तिने फोटोही काढले. त्यानंतर मम्मरीने आपल्या पुस्तकात एक थट्टा केली, ती पुढे फार गाजली. प्रत्येक शिखर तीन पायऱ्या उतरतं, असं त्याचं म्हणणं. आधी ते अजिंक्य असतं, मग आल्प्समधलं सगळ्यात अवघड होतं, आणि शेवटी बाईमाणसाचा आरामाचा दिवस ठरतं. मम्मरीचा सूर लिलीच्या कौतुकाचा होता. पण थट्टेच्या पोटात एक मोजपट्टी लपलेली आहे : बाई चढली, म्हणजे शिखर सोपं झालं. बाई तरबेज झाली, असा हिशेब त्यात नाहीच.

पुरुष नसतील तरच?

1921 साली ब्रिटनमध्ये पिनॅकल क्लब स्थापन झाला. फक्त स्त्रियांचा. पॅट केली ही त्यामागची मुख्य प्रेरणा. मुद्दा साधा होता : बायकांनी एकमेकींबरोबर चढावं आणि लीड करायला शिकावं. कारण नवरा, भाऊ किंवा मित्र सोबत असला की पहिलं टोक आपोआप त्याच्याकडे जायचं. कोणी हिसकावून घेत नव्हतं. ‘थांब गं, मी बघतो’ एवढंच पुरे व्हायचं. क्लब आजही चालू आहे, आणि आजही फक्त स्त्रियांचाच आहे.

याच विचाराचं टोक गाठलं ते मिरियम ओब्रायन या अमेरिकन बाईने. तिचा युक्तिवाद मला फार आवडतो, कारण त्यात चिडचिड नाही, नुसतं तर्कशास्त्र आहे. जो कायम चांगल्या लीडरच्या मागेच चढतो, तो डोंगराचा अर्धाच खेळ खेळतो. वाट शोधण्याची मजा त्याच्या वाट्याला येतच नाही. मग बाईने लीड करावं, पण दोरावर पुरुष असू द्यावा का? नको, कारण प्रसंग बिकट झाला की सूत्रं त्याच्याकडे जाणार, आणि खरंच गेली नाहीत तरी बघणारे तसंच म्हणणार. म्हणून दोरावर पुरुषच नको.

ऑगस्ट 1929 मध्ये मिरियम आणि फ्रेंच गिर्यारोहक अलीस दामेम या दोघीच ग्रेपों चढून आल्या. त्या संध्याकाळी एतियेन ब्रूल या फ्रेंच गिर्यारोहकाने जे उद्गार काढले, त्यांचा आशय असा : ग्रेपों संपलं. दगड उभे आहेत म्हणा, पण दोन बायकांनी ते केल्यावर कोणता स्वाभिमानी पुरुष आता तिथे जाईल? वाईट झालं, चढाई छान होती! मिरियमने हे स्वतःच्या पुस्तकात मिश्कीलपणे नोंदवून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे. म्हणजे मम्मरीची थट्टा आणखी एक पायरी उतरली होती. तेव्हा शिखर सोपं ठरलं होतं, आता ते चक्क नाहीसंच झालं!

1932 साली मिरियम आणि अलीस मॅटरहॉर्नवरही दोघीच जाऊन आल्या. मॅटरहॉर्न काही नाहीसा झाला नाही. अजूनही तिथे पुरुषांची भरपूर गर्दी असते.

नाव लागतं, पण…

1941 साली वेल्समधल्या एका कड्यावर निया मोरिनने नवी वाट लीड केली. मागे होता मेनलव्ह एडवर्ड्स, त्या काळचा नावाजलेला गिर्यारोहक. वाटेचं नाव पडलं ‘निया’. वेनेत्झला जे मिळालं नाही, ते निदान तिला मिळालं.

मग प्रश्न मिटला का? 1993 साली लिन हिलने योसेमिटीतल्या एल कॅपिटानची ‘नोज’ ही वाट फ्री चढून दाखवली. कडा जवळजवळ 900 मीटरचा. ‘फ्री’ म्हणजे दोर फक्त पडलं तर वाचवायला, वर जायला नुसते हातपाय. तोवर हे कोणालाच जमलं नव्हतं, ना पुरुषाला ना स्त्रीला. पुढच्याच वर्षी तिने तेच एका दिवसात केलं. एका दिवसात तसं करणारा दुसरा माणूस 2005 साली आला. तरीही ‘तिची बोटं बारीक आहेत, भेगांत बसतात’ असं म्हणणारे निघालेच. लिनची उंची साधारण 157 सेंटीमीटर. उंच माणसाचा हात सहज पोचतो तिथे तिला वेगळीच युक्ती काढावी लागते, हे हिशेबात धरायचं मात्र राहून गेलं. पुरुष जिंकला तर तो त्याचा दम, बाई जिंकली तर ती तिची बोटं!

आता थोडं घरच्या मैदानावर येऊ. सिंहगडाची गोष्ट तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. 1670 सालची ती रात्र, तानाजी मालुसरे, आणि दोर घेऊन कडा चढणारी यशवंती घोरपड. ही दंतकथा आहे. पण दंतकथेत दोराच्या पहिल्या टोकाला कोण आहे, पाहिलंत? यशवंती! बाकी सगळे मावळे सेकंड. आणि त्यात कोणाला काही कमीपणा वाटल्याचं पोवाडेकार सांगत नाहीत.

गोष्ट विनोदाची असली तरी मागणं गंभीर आहे. सह्याद्रीतल्या एखाद्या सुळक्यावर तुमचं पथक जाऊन आलं, की नोंद लिहिताना एक ओळ जास्त लिहा : कोणता टप्पा कोणी लीड केला. ‘पथकाने सर केला’ यात एकजूट दिसते, हे मान्य. पण पन्नास वर्षांनी कोणीतरी ती नोंद उघडेल, आणि पहिल्या टोकाला असलेली मुलगी, किंवा गावातला वाटाड्या, तिथे नसेलच. दोर कापावा लागत नाही, नाव लिहिलं नाही तरी माणूस सुटतो.